चकलीचा किलोचा खर्च, यंत्राचा आलेख आणि न नेलेल्या ऑर्डरी: हिशेब कसा मांडावा?

फराळवाली

नमस्कार मंडळी. आमचा बचत गट दिवाळीत चकली करून विकतो. यंदा भाव ४०० रुपये किलो ठेवायचा विचार आहे, पण हिशेब तीन जागी अडलाय. आकडे खाली देते. नुसतं उत्तर नको, पद्धत सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी भाव बदलले तरी आमचं आम्हाला करता येईल.

१) १५ किलोचा तेलाचा डबा २,१९० रुपयांना आहे आणि एक लिटरचं पाउच १३८ ला. २,१९० ला १५ ने भागलं तर १४६ येतात, म्हणजे पाउच स्वस्त दिसतं. दुकानदार मात्र डबाच घ्या म्हणतो. खरं काय? आणि तेल, भाजणी, गॅस, मजुरी, मोडतोड सगळं धरून एक किलो चकली कितीला पडते हे कसं काढायचं?

२) सोऱ्याने हाताने पाडली तर मजुरी किलोमागे ६० रुपये. चकलीचं यंत्र हंगामापुरतं ३,००० रुपये भाड्याने मिळतंय, त्यावर मजुरी किलोला २२. आमच्या वेळात एका यंत्रावर जास्तीत जास्त २०० किलो पाडून होतील. मागणी २१० किलोची दिसते. दुसरं यंत्र घ्यायचं का? मुलगी दहावीला आहे, ती म्हणते आलेख काढ. काढला तर वाचायचा कसा?

३) या मागणीतल्या ४० ऑर्डरी सोसायट्यांमधून येतात, प्रत्येकी एक किलो, आगाऊ पैसे न घेता. गेल्या वर्षी ४० पैकी ४ जणांनी नेल्याच नाहीत. मग यंदा या ऑर्डरींसाठी ३६ किलोच करायची का? उरलेली चकली दिवाळीनंतर १८० रुपये किलोने जाते.

हिशेबनीस

ताई, पहिल्या प्रश्नाचं बघतो. डब्यावर किलो आहे आणि पाउचवर लिटर. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना करता येत नाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून:

पाउच: १३८ ÷ ०.९१ = १५१.६५ रुपये किलो
डबा: २,१९० ÷ १५ = १४६ रुपये किलो

डबा किलोमागे ५ रुपये ६५ पैशांनी स्वस्त. दुकानदार बरोबर सांगतोय. फक्त डब्यावर 'निव्वळ वजन १५ किलो' हेच लिहिलंय ना ते वाचा. १५ लिटरचा जारही तसाच मोठा दिसतो, पण त्यात १३.६५ किलोच तेल असतं. तो २,१९० ला घेतला तर किलो १६०.४४ ला पडेल, म्हणजे पाउचपेक्षाही महाग.

पाउचमध्येही सगळी लिटरचीच नसतात. ८५० ग्रॅमचं पाउच लिटरच्या शेजारी ठेवलं तर पटकन फरक कळत नाही. ते १३२ ला असेल तर सहा रुपये वाचल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात १३२ ÷ ०.८५ = १५५.२९ रुपये किलो. तेल गरम झालं की फुगतं, म्हणून एका लिटरचं वजनही तापमानाप्रमाणे बदलतं: सोयाबीन तेल ३० अंशांना लिटरला ९१३ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३ च्या आसपास. पाकिटावर ग्रॅमचा आकडा असेल तर लिटर सोडून तोच धरा.

पाकिटावर आता एककाचा विक्री भावही छापलेला असतो. तिथे एक फसगत होते. एक किलोपेक्षा कमी मालावर तो भाव ग्रॅमला असतो, जास्त मालावर किलोला. एका पाकिटावर ०.२१ आणि दुसऱ्यावर १९८ दिसलं, तर पहिल्याला १,००० ने गुणा, २१० येतात. छोटं पाकीट महाग निघालं. तुम्ही अर्धा किलोची पाकिटं २०० रुपयांना विकणार असाल तर त्यावर हाच भाव ग्रॅमला ०.४० असा येईल.

आता चकलीचा खर्च. यात पहिला निर्णय छेदाचा, म्हणजे खर्चाला कशाने भागायचं याचा: किलो कशाचा? भाजणीचा नाही, विकलेल्या चकलीचा. एक घाणा वजन करून काढा. समजा २ किलो भाजणीची चकली गार झाल्यावर २.७ किलो भरली, तर एक किलो भाजणीची १.३५ किलो चकली होते. तेलासाठी कढई तळणीच्या आधी तेलासकट वजन करा आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा करा. जो फरक येईल त्यात मोहनाचं तेल मिळवा. हे ८६४ ग्रॅम निघालं तर किलो चकलीमागे ०.८६४ ÷ २.७ = ०.३२ किलो तेल. तुमचे आकडे वेगळे येतील, मांडणी हीच राहील:

भाजणी: १ ÷ १.३५ = ०.७४१ किलो, ९५ रुपये दराने ७०.३७
तेल: ०.३२ × १४६ = ४६.७२
तीळ, तिखट, मीठ वगैरे: १२
गॅस: ०.१२ किलो × ९० = १०.८०
मजुरी (हाताची): ६०
एकूण: १९९.८९

गॅसचा ९० हा दर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची किंमत १,७१० धरून आलाय. भाजणीचा ९५ हा दर गिरणीतून आलेल्या तयार पिठाच्या वजनावर काढा, दुकानातून आणलेल्या धान्याच्या नाही. धुणं, भाजणं, दळणं यात वजन घटतं, ती घट दरात यायलाच हवी.

मोडतोड: शंभरातली सहा किलो मोडली तर विकायला ९४ उरते. म्हणून १९९.८९ ला ०.९४ ने भागायचं, १.०६ ने गुणायचं नाही. भागून २१२.६५ येतात, गुणून २११.८८. सहा टक्क्यांना फरक पाऊण रुपयाचा आहे, पण नवख्या हातांनी वीस टक्के मोडली तर तीच चूक किलोमागे दहा रुपयांची होते (२४९.८६ आणि २३९.८७). चुरा वेगळा विकत असाल तर त्याचे पैसे यातून वजा करा. शेवटी पॅकिंगचे ९ रुपये धरले की २२१.६५, म्हणजे २२२ रुपये.

दुकानात ठेवायला दिली तर दुकानदार २० टक्के घेतो, ते विक्रीच्या किमतीवर असतात. हातात ३२० हवे असतील तर ३२० ÷ ०.८ = ४०० किंमत लावावी लागते. ३२० वर वीस टक्के चढवून ३८४ लावले, तर हातात ३०७ रुपये २० पैसेच येतात.

तराजू

वरच्या हिशेबात दोन गोष्टी जोडतो.

गॅस एका घाण्यावर मोजू नका. तीन-साडेतीनशे ग्रॅमचा फरक सिलिंडर तोलायच्या काट्यावर धड कळत नाही. सकाळी आणि संध्याकाळी सिलिंडर तोला आणि दिवसभराच्या चकलीने भागा. वीस किलो चकलीला २.४ किलो गॅस गेला तर ०.१२, हा आकडा विश्वासाचा.

दुसरं, कढईत उरलेलं तेल. रोज थोडं नवं तेल घालून तेच पुढे चालवलं की ते काळं, घट्ट होतं, फेस धरतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. म्हणजे हंगामात काही तेल टाकावंच लागणार. टाकलेलं तेल किती किलो, भागिले एकूण चकली, असं करून तेवढं ०.३२ मध्ये वाढवा. बहुतेक घरगुती हिशेबांत हे येतच नाही. मग डबे संपतात पण ताळा जुळत नाही.

आलेखवेडा

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मुलीचं बरोबर आहे. दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं, इथे जसंच्या तसं लागू पडतं.

आडव्या अक्षावर किलो घ्या, १ सेंमी = २५ किलो. उभ्या अक्षावर खर्च, १ सेंमी = १,००० रुपये. दोन्ही अक्ष शून्यापासून.

हात: खर्च = ६० × किलो. बिंदू (०, ०), (१००, ६,०००), (२००, १२,०००)
यंत्र: खर्च = ३,००० + २२ × किलो. बिंदू (०, ३,०००), (१००, ५,२००), (२००, ७,४००)

दोन बिंदूंत रेषा होते, तिसरा पडताळ्याला. तो रेषेवर बसला नाही तर गुणाकार तपासा.

रेषेचा चढ म्हणजे पुढच्या एका किलोचा खर्च. रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते ते एकही किलो न करता द्यावे लागणारे पैसे, म्हणजे भाडं. दोन्ही रेषा ७९ किलोपाशी छेदतात. सूत्राने ३,००० ÷ (६० − २२) = ७८.९. ताळा करा: ७८ किलोला हात ४,६८० आणि यंत्र ४,७१६, ७९ ला हात ४,७४० आणि यंत्र ४,७३८. ७९ पासून पुढे यंत्र परवडतं. तुमची मागणी २१० ची आहे, तेव्हा पहिलं यंत्र घ्यावं यात शंका नाही.

खरी गोम २०० च्या पुढे आहे. यंत्राची रेषा २०० पाशी थांबवा. दुसरं यंत्र घेतलं की खर्च एकदम ३,००० ने वर उडतो आणि रेषा वरच्या पायरीवरून पुन्हा त्याच चढाने निघते. २१० किलोला दोन यंत्रांचा खर्च ६,००० + ४,६२० = १०,६२०. सरासरी काढली तर किलोला ५०.५७. हा आकडा ६० पेक्षा कमी आहे, म्हणून दुसरं यंत्र परवडतं असं वाटतं. इथेच माणसं चुकतात. सरासरीत आधीच्या २०० किलोंची स्वस्ताई मिसळलेली आहे. विचारायचा प्रश्न एवढाच, की वरच्या १० किलोंना किती लागले? १०,६२० − ७,४०० = ३,२२० रुपये. किलोमागे ३२२ रुपये नुसती पाडायची मजुरी! तेच १० किलो सोऱ्याने केले तर ६०० रुपये. म्हणून २०० यंत्रावर, वरचे हाताने, एकूण ८,०००.

दुसरं यंत्र कधी घ्यायचं? वरच्या कामालाही तोच ७९ चा हिशेब लागतो. २०० + ७९ = २७९ किलो पाडायचे असतील तर.

कागदाऐवजी एक्सेलमध्ये करणार असाल तर 'लाइन' प्रकारचा चार्ट निवडू नका. तो १०, २०, ५०, १००, २०० हे आकडे सारख्या अंतरावर मांडतो, सरळ रेषा वाकडी दिसते आणि छेदबिंदू भलतीकडे वाचला जातो. 'स्कॅटर' प्रकार निवडा, त्यात आडवा अक्ष खऱ्या मापाने येतो. उभा अक्ष कुठून सुरू होतोय तेही बघा. तो शून्याऐवजी ४,००० पासून सुरू झाला तर भाड्याचा ३,००० चा बिंदू दिसतच नाही आणि दोन रेषांतला फरक आहे त्यापेक्षा फार मोठा भासतो.

हिशेबनीस

एक दुरुस्ती सुचवतो. मागणी २१० किलो ही विकायच्या, अखंड चकलीची आहे. यंत्राची मर्यादा आणि मजुरी पाडलेल्या चकलीवर आहे. मोडतोड ६ टक्के धरली तर पाडावी लागेल २१० ÷ ०.९४ = २२३.४, म्हणजे २२४ किलो. आडव्या अक्षावर 'पाडलेले किलो' असं स्पष्ट लिहा आणि तिथे २२४ वाचा.

आलेखवेडा

बरोबर, अक्षाला नाव देताना हे लिहायलाच हवं. २२४ ला: एक यंत्र आणि २४ किलो हाताने = ७,४०० + १,४४० = ८,८४०. दोन यंत्रं = ६,००० + ४,९२८ = १०,९२८. निर्णय तोच राहतो, फरक २,०८८ रुपयांचा.

शक्यता

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ३६ करू नका. चाळीसचा दहावा भाग चार, हा सरासरीचा आकडा आहे. दर वर्षी बरोबर चारच जण येणार नाहीत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. तुम्ही ३६ केल्या आणि न येणारे तीन किंवा कमी निघाले, तर कुणीतरी रिकाम्या हाताने परत जाणार. त्याची संभाव्यता साध्या कॅल्क्युलेटरवर निघते.

एकही ऑर्डर न चुकण्याची संभाव्यता ०.९ चा चाळिसावा घात. पाचवा घात ०.५९०४९. त्याचा वर्ग करा, आलेल्याचा पुन्हा वर्ग, आणि पुन्हा वर्ग. पाचाचे दहा, वीस, चाळीस झाले: ०.०१४८. पुढचे आकडे एकमेकांतून काढायचे:

० जण आले नाहीत: ०.०१४८
१ जण: आधीचा आकडा × ४०/१ ÷ ९ = ०.०६५७
२ जण: आधीचा × ३९/२ ÷ ९ = ०.१४२३
३ जण: आधीचा × ३८/३ ÷ ९ = ०.२००३

(९ कुठून आला? न येण्याची संभाव्यता ०.१, येण्याची ०.९, त्यांचं गुणोत्तर १/९.)

चारही मिळवले की ०.४२३. म्हणजे ३६ केल्या तर माल कमी पडण्याची संभाव्यता ४२ टक्के. ३७ केल्या तर २२ टक्के, ३८ केल्या तर ८, ३९ केल्या तर दीड.

यातलं काय निवडायचं ते पैशांवरून ठरवा. एक किलो कमी पडला तर ४०० − २२२ = १७८ रुपयांचा नफा बुडतो. एक किलो उरला तर २२२ − १८० = ४२ रुपयांचा तोटा. (वरचे किलो हातानेच पाडले जाणार आहेत, म्हणून हाताच्या मजुरीचा २२२ हाच खर्च इथे लागू.) पुढचा किलो करावा की नाही याची कसोटी अशी: तो विकला जाण्याची संभाव्यता ४२ ÷ (४२ + १७८) = ०.१९ पेक्षा जास्त असेल तर करावा. सदतिसावा किलो विकला जाण्याची संभाव्यता ०.४२ आहे, करा. अडतिसाव्याची ०.२२, करा. एकोणचाळिसाव्याची ०.०८, थांबा. उत्तर ३८.

तराजू

एकोणचाळिसावा सोडून द्यायला मन धजत नाही. ज्याने नाव नोंदवलंय त्याला चकली नाही म्हणून सांगितलं की तो गेला, आणि त्याच्या ओळखीतले चार जण गेले. ते १७८ मध्ये आलेलं नाही.

शक्यता

मान्य, ते त्यात घालायलाच हवं. त्या नाराजीची किंमत ५०० रुपये धरली तर कसोटी ४२ ÷ ७२० = ०.०५८ वर येते आणि उत्तर ३९ होतं. चाळिसावा तरीही नाही, कारण तो विकला जाण्याची संभाव्यता ०.०१५ आहे.

त्याहून जास्त काळजी मला त्या '४० पैकी ४' ची वाटते. एका वर्षाच्या ४० ऑर्डरींवरून काढलेलं हे प्रमाण फार ढिलं आहे. खरं प्रमाण ३ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. ते ५ टक्के असेल तर ३८ किलो करूनही माल कमी पडण्याची संभाव्यता ४० टक्के होते. म्हणून यंदापासून वहीत ऑर्डरी किती आणि नेल्या किती हे सोसायटीवार लिहून ठेवा.

वरचं सगळं गणित प्रत्येक गिऱ्हाईक स्वतंत्र आहे असं धरून आहे, हेही लक्षात असू द्या. एका सोसायटीत एकच बाई पंधरा जणींच्या ऑर्डरी गोळा करत असेल आणि ती गावी गेली, तर पंधराही एकदम राहतात. अशा वेळी तिथे पंधरा ऑर्डरी नाहीत, एकच पंधरा किलोची आहे असं समजा.

या सगळ्यातून सुटायचा मार्ग म्हणजे आगाऊ रक्कम. किलोमागे फक्त ५० रुपये घ्या आणि न नेल्यास परत नाही असं आधी सांगा. मग न नेलेल्या किलोचे ५० + १८० = २३० मिळतात, खर्च २२२. उरलेल्या मालात तोटाच नाही, तेव्हा चाळीसच्या चाळीस करा.

फराळवाली

सगळ्यांचे आभार. तेल डब्याचंच घेतोय, दुसरं यंत्र नाही. आगाऊचं नव्या सोसायट्यांत जमेल, जुनी गिऱ्हाइकं मात्र नाराज होतील. आणखी एक विचारते: वर मी प्रत्येकी एक किलो धरलं होतं, पण आता ४० पैकी ५ ऑर्डरी चार-चार किलोच्या आल्या आहेत, बाकी ३५ एकेक किलोच्या. एकूण ५५ किलो. मग ५५ ऑर्डरी समजून वरचीच रीत लावायची का?

शक्यता

नाही. सरासरी दोन्हीकडे तीच येते, ५५ चे नव्वद टक्के म्हणजे ४९.५ किलो, पण वरखाली होण्याचं प्रमाण वेगळं असतं. प्रत्येक ऑर्डरीच्या किलोंचा वर्ग करा, बेरीज घ्या, ०.१ × ०.९ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. ५५ सुट्या ऑर्डरी असत्या तर ०.०९ × ५५ = ४.९५, वर्गमूळ २.२ किलो. तुमच्याकडे ३५ × १ + ५ × १६ = ११५, गुणिले ०.०९ = १०.३५, वर्गमूळ ३.२ किलो. चढउतार जवळजवळ दीडपट, आणि त्यातला मोठा भाग त्या पाच ऑर्डरींचा.

म्हणून त्या पाच बाजूला काढा. तळणीच्या आदल्या दिवशी पाचही जणांना फोन करा आणि हो म्हणतील तेवढीच भाजणी त्यांच्यासाठी भिजवा. उरलेल्या ३५ साठी वरचीच रीत, फक्त ४० च्या जागी ३५ घाला: ०.९ चा पस्तिसावा घात ०.०२५, मग × ३५/१ ÷ ९, मग × ३४/२ ÷ ९, याप्रमाणे. जुन्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ घेणार नसाल तर त्यांच्या ऑर्डरी वहीत वेगळ्या पानावर लिहा. त्यांचं न नेण्याचं प्रमाण बहुधा दहा टक्क्यांपेक्षा कमी निघेल, आणि ते जितकं कमी निघेल तितकी त्यांच्यासाठी चकली ऑर्डरीइतकी किंवा तिच्या जवळपास करावी लागेल.